मालवणच्या प्रवाळांत मुलांना घेऊन स्नॉर्कलिंग: कधी जावं, कसं जावं?

निळाई (२० नोव्हेंबर २०२३)

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत मालवणला जायचं चाललंय. आम्ही पाच जण: नवरा, मी, ११ वर्षांची लेक, साडेसहा वर्षांचा मुलगा आणि सासरे. सासऱ्यांचं वय ६९, रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण रोज सकाळी तळजाईची टेकडी चढून येतात.

लेकीला शाळेत प्रवाळांवर तक्ता करायचा होता. तो करताना तिला कळलं की प्रवाळ म्हणजे दगडही नाही आणि झाडही नाही, तो प्राणी आहे. आणि हे प्राणी आपल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाखाली, पाण्यात आहेत. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. अंदमान-लक्षद्वीपचा खर्च आम्हाला झेपणारा नाही, त्यामुळे मालवण हे तर नक्की.

लेक चांगली पोहते. मुलगा अजून हाताला फुगे बांधूनच पाण्यात उतरतो. नवऱ्याला पोहता येत नाही, मला कामापुरतं येतं. अशा मंडळींनी स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क लावून, तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं तरंगत तळ बघणं, करावं का? मुलाला नेऊ का किनाऱ्यावरच ठेवू? सासऱ्यांची फार इच्छा आहे, त्यांना "नको" म्हणायचं माझ्या जिवावर येतंय.

आणि खरं सांगायचं तर सगळ्यात मोठी शंका वेगळीच आहे. ती जागा अभयारण्य आहे. आपण पाच जण तिथे जाऊन पाय मारणार, हात लावणार, म्हणजे जे बघायला जायचं त्याचंच नुकसान करणार. लेकीनेच हे विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. अनुभवी लोकांनी सांगा.

भटका_सातारी (२० नोव्हेंबर)

आम्ही गेल्या वर्षी चार मित्र गेलो होतो. अजिबात काळजी करू नका, कुणालाच पोहता येत नव्हतं. लाइफ जॅकेट घालतात, एक जण बरोबर उतरतो, तोंडात नळी देतात. पाण्यात पाव टाकला की मासे अंगाभोवती गोळा होतात, त्याचा व्हिडिओ पण काढून देतात. तासाभरात सगळं आटपतं. मुलं खूश होतील.

मतलई (२१ नोव्हेंबर)

निळाई, तुमच्या लेकीला माझा नमस्कार सांगा. तिचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याला उत्तर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी हौस म्हणून बरीच वर्षं डायव्हिंग करते, मालवणला अनेकदा उतरलेय.

आधी अपेक्षांचं बोलू. चित्रात दिसतात तसे हरणाच्या शिंगांसारखे फांद्या फुटलेले, निळे-जांभळे प्रवाळ इथे शोधू नका. कोकणात चार महिने पाऊस कोसळतो, कर्लीसारख्या नद्या आणि खाड्या लाल गाळ समुद्रात आणून ओततात. अशा गढूळ पाण्यात टिकाव धरतात ते गोळ्यासारखे किंवा खडकाला सारवल्यासारखे पसरणारे प्रवाळ. रंग शेवाळी, तपकिरी, कधी पिवळसर. वरवर बघणाऱ्याला नुसता खडक वाटतो. पण हातभर अंतरावर जाऊन, न हलता बघितलं तर त्यावर मधाच्या पोळ्यासारखी घरं दिसतात. प्रत्येक घरात एक प्राणी. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एखादा अंश जास्त तापून तसंच काही आठवडे राहिलं की हे शैवाल बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. पांढरा म्हणजे लगेच मेलेला नव्हे, पण उपाशी. मालवणच्या प्रवाळांनी हेही सोसलेलं आहे.

वाढ इतकी सावकाश की वर्षाला काही मिलिमीटर, फार तर सेंटीमीटरभर. म्हणजे कलिंगडाएवढा गोळा दिसला तर तो तुमच्या लेकीपेक्षा वयाने मोठा आहे, असं तिला सांगा. आणि त्या गोळ्याचा जिवंत भाग म्हणजे वरची पातळ कातडी, बाकी सगळा सांगाडा. त्यावर पाय टेकला, पायात घालतात ती रबरी फिन घासली, की ती कातडी फाटते आणि तिथे शेवाळ बसतं.

भटका_सातारी, तुमच्यावर राग नाही, तुम्हाला कुणी सांगितलंच नसणार. पण पाव टाकू देऊ नका. खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारे मासे हे प्रवाळांचे माळी आहेत. त्यांना रोज आयता पाव मिळाला तर ते शेवाळ सोडून बोटीमागे धावतात, आणि शेवाळ प्रवाळांवर चढतं. शिवाय मैदा हे माशांचं खाणं नाही.

कायद्याचंही सांगते. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३ चौरस किलोमीटरच्या थोडा वर. सिंधुदुर्ग किल्ला आणि त्याच्याजवळचा पद्मगड या गाभ्यातच येतात. शिवाय खडक बांधणारे सगळे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत आहे, त्याच यादीत. किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला तुकडासुद्धा खिशात घालून घरी आणायचा नाही.

तरी जावं का? जावं. पाय न टेकता तरंगता येत असेल तर जरूर जावं.

भटका_सातारी (२१ नोव्हेंबर)

पावाचं खरंच माहीत नव्हतं. उलट आम्हीच बोटवाल्याला "अजून टाका" म्हणत होतो. वाईट वाटलं वाचून. पुढच्या वेळी लक्षात ठेवतो आणि मित्रांनाही सांगतो.

रानजाई (२१ नोव्हेंबर)

निळाई, मी तुमच्याच जागी होते, म्हणून आमचं काय झालं ते लिहिते. कुठल्या बोटीवर झालं ते लिहीत नाही, कारण चूक निम्मी आमचीच होती.

मुलगा तेव्हा ८ वर्षांचा. पोहायचा बऱ्यापैकी, पण मास्क आणि नळी त्याने त्या दिवशीच पहिल्यांदा पाहिली. मास्क मोठ्यांच्या मापाचा, पट्टा ओढून आवळून दिला. पाण्यात तोंड घातल्यावर दोन मिनिटांत नाकाशी पाणी शिरलं. तो बिचकला, नळी तोंडातून सुटली, आणि घाबरलेलं माणूस जे करतं तेच त्याने केलं: खाली जे लागेल त्यावर उभा राहिला. ओहोटी होती, पाणी त्याच्या छातीइतकंच. पायाखाली प्रवाळ. "कडक्" असा आवाज मला वरून ऐकू आला. तळपाय फाटला तो वेगळा. ती जखम भरायला तीन आठवडे लागले, सारखी चिघळायची. पण मुलाच्या डोक्यातून गेला नाही तो तो आवाज. अजून म्हणतो, "आई, मी ते मोडलं."

लाइफ जॅकेट होतं, माणूस जवळ होता, सगळं होतं. फक्त मुलाची तयारी नव्हती. म्हणून एवढंच सांगते: मास्क घरचे घ्या, प्रत्येकाच्या चेहऱ्याला बसणारे. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर धरायचा, नाकाने हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. चिकटून राहिला तर माप बरोबर. पडला तर दुसरा बघायचा. दाढीमिशीवाल्यांना थोडं पाणी शिरतंच. आणि निदान महिनाभर तलावात सराव. नळी तोंडात धरून, पालथं पडून, काही न करता नुसतं तरंगायचं. मुलगा १० मिनिटं असा शांत पडून राहू शकला की तो तयार, मग पोहता येवो न येवो.

दांडीकाठ (२२ नोव्हेंबर)

नमस्कार. मी मालवणचाच. वडिलांची रापणीची (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची) होडी होती, आता भाऊ पर्यटकांची बोट चालवतो, म्हणून दोन्हीकडचं थोडं कळतं.

ताई, पहिली गोष्ट, नाताळ टाळा. गर्दी हे एक कारण झालंच. दुसरं म्हणजे यंदा दत्तजयंती २६ डिसेंबरला आहे. म्हणजे पौर्णिमा, म्हणजे ऐन उधाण. उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, त्यामुळे ओढ असते आणि तळाचा गाळ उठून पाणी गढूळ होतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीपासून एकादशीपर्यंत, पाणी शांत असतं.

आता वेळेचा हिशोब. आमच्याकडे जुनी माणसं घड्याळाऐवजी तिथी बघत. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. हा हिशोब मुंबईकडे बरोबर बसतो, मालवणात भरती साधारण तासभर आधी येते, म्हणून एक वजा करा. रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणजे एकादशीला आमच्याकडे सकाळी सव्वासातच्या आसपास, द्वादशीला आठच्या आसपास. हेच दोन दिवस तुमच्या कामाचे. भांगाची शांतता अजून असते आणि सकाळच्या वेळी खडकावर भरपूर पाणी असतं. लहान मुलांचे पाय खाली लागत नाहीत. रानजाईताईंच्या मुलाचं जे झालं ते ओहोटीमुळेच. निघण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता मात्र बघून घ्या, हा हिशोब अंदाजाचा.

सकाळच का? रात्रभर मतलई वारा जमिनीकडून वाहतो, त्यामुळे सकाळी समुद्र तेलासारखा असतो. अकरानंतर खारा वारा सुटतो, लाटा उठतात, पाणी ढवळतं, बोट हलते आणि मुलांना उलट्या होतात. दुपारच्या फेरीत सवलत देतो म्हणाले तरी घेऊ नका.

महिना म्हणाल तर पावसानंतर लगेच पाणी निवळलेलं नसतं. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत बरं. चांगल्या दिवशी तीन-चार मीटर स्वच्छ दिसतं, तेवढ्यावर समाधान माना. मे संपत आला की येऊच नका. २०२२ च्या मे महिन्यात, हंगामाच्या अगदी शेवटच्या दिवसांत, तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले. त्या दिवसांत समुद्र केव्हा फिरेल याचा नेम नसतो. जॅकेट किनाऱ्यावर घालायचं ते परत किनाऱ्यावर येऊनच काढायचं, बोटीत बसल्यावरही.

बोट ठरवताना भाव नंतर विचारा. आधी परवाना आहे का ते विचारा. मग विचारा, "नांगर कुठे टाकता?" जो म्हणेल "वाळूत टाकतो, तिथून पोहत नेतो", त्याच्याकडे जा. जो म्हणेल "अगदी खडकावरच थांबवतो, तुम्हाला काही त्रास नाही", त्याच्याकडे जाऊ नका. नांगर ओढताना एका वेळी जेवढे प्रवाळ मोडतात, तेवढे दहा पर्यटक मिळून मोडत नाहीत.

तळसागर (२२ नोव्हेंबर)

मी जरा वेगळं मत मांडतो. जागा नाजूक आहे हे वरच्या सगळ्यांना मान्य आहे. पाणी तापतंय, गाळ वाढतोय, नांगर पडताहेत. मग तिथे माणसांनी जाऊच नये, हे जास्त सरळ नाही का? लेकीला मत्स्यालय दाखवा. सगळंच जवळ जाऊन बघितलं पाहिजे हा अट्टाहास का?

दांडीकाठ (२३ नोव्हेंबर)

तुमची कळकळ समजते. पण गावातून कसं दिसतं ते सांगतो.

१९८७ साली अभयारण्य जाहीर झालं तेव्हा आमच्याकडे विरोध झाला, आणि अजूनही अभयारण्य म्हटलं की गावात दोन मतं आहेत. भीती साधी होती: उद्या कुणीतरी येऊन सांगेल, इथे जाळं टाकायचं नाही. रापणकर तर किनाऱ्यालगतच मासे धरतो, तो कुठे जाणार? माझे वडील शेवटपर्यंत त्या कागदाला नावं ठेवत राहिले.

आता माझा भाऊ त्याच खडकावर माणसं नेतो. त्याला आज ठाऊक आहे की तो खडक जिवंत राहिला तर घर चालेल. प्रवाळ कुठे पांढरा पडलाय, कुठे नवीन धरलाय, हे तो रोज बघतो. त्याच्यासारखे चाळीस डोळे त्या पाण्यावर आहेत. पर्यटक यायचे थांबले तर ते डोळे दुसरीकडे वळतील. माणसं कमी यावीत, सावकाश यावीत, सांभाळून यावीत, हे मी शंभर वेळा म्हणेन. येऊच नका असं म्हणवत नाही.

मतलई (२३ नोव्हेंबर)

दांडीकाठ यांच्याशी सहमत. पण तळसागर यांचा प्रश्न प्रत्येकाने निघण्याआधी स्वतःला एकदा विचारावा. घरातल्या ज्याला शांत तरंगता येत नाही त्याने पाण्यात उतरू नये. बोटीतून बघावं. हा नियम स्वतःपुरता पाळला तरी पुष्कळ.

सनस्क्रीनचं राहिलं. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट हे दोन घटक असलेलं मलम लावून पाण्यात उतरू नका, ते प्रवाळांच्या पिल्लांना घातक ठरतं. हवाईत अशा मलमांच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी आहे. सोपा उपाय म्हणजे पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट आणि लांब चड्डी. पाठ सगळ्यात जास्त भाजते कारण तासभर ती वरच असते. चेहऱ्याला झिंक ऑक्साइडचं पांढरं मलम.

वैद्यबाई (२३ नोव्हेंबर)

मी डॉक्टर आहे. सासऱ्यांबद्दल लिहिते.

रोज टेकडी चढतात ही चांगली गोष्ट, पण पाण्यातलं गणित वेगळं असतं. शरीर पाण्यात बुडलं की हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, हृदयावरचा भार वाढतो. त्यात नळीतून श्वास ओढायला जास्त जोर लागतो. त्यात भीती. ज्येष्ठांच्या बाबतीत स्नॉर्कलिंगमध्ये जे प्रसंग घडतात ते बऱ्याचदा खोल पाण्यात नव्हे, शांत उथळ पाण्यातच घडतात. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारा, "समुद्रात पालथं तरंगायचंय, चालेल का?" नुसतं "फिरायला जातोय" सांगू नका. थोडी जरी शंका असेल तर बोटीतच बसवा, आणि तिथे त्यांना बघता येईल अशी सोय करा.

पूर्ण चेहरा झाकणारा मास्क मुलांना देऊ नका. घाबरल्यावर झटकन काढता येत नाही.

जेलीफिश, तुमच्याकडे बहुतेक जार म्हणतात, चावला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोडं पाणी ओतू नका, चोळू नका. नंतर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीस मिनिटं धरा. श्वास लागला, चेहरा सुजला तर थेट दवाखाना.

सकाळी उपाशी जाऊ नका आणि भरपेटही जाऊ नका. एक घावणा, एक केळं पुरे.

निळाई (२४ नोव्हेंबर)

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! रात्री जेवताना धागा मोठ्याने वाचून दाखवला. तळसागर यांचा प्रतिसाद ऐकून लेक बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "आपण सराव करू. मला जमलं नाही तर मी बोटीतच बसेन."

नाताळ रद्द. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, मार्गशीर्ष वद्य एकादशी रविवारी येते, द्वादशी सोमवारी. शाळेचे दोन दिवस बुडतील, बुडू देत. दर शनिवार-रविवार दुपारी तलावावर जायचं ठरलंय.

सासऱ्यांच्या डॉक्टरांनी पाण्यात उतरायला नाही म्हटलं. ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी फिरायला गेले नाहीत. बोटीतून बघण्याच्या सोयीबद्दल कुणी सांगेल का?

रानजाई (२४ नोव्हेंबर)

बादली! प्लास्टिकच्या बादलीचा तळ कापायचा आणि तिथे पारदर्शक अॅक्रिलिकची चकती बसवायची. बोटीच्या कडेवरून पाण्यात टेकवली की लाटांची चमक जाते आणि तळ दिसतो. आम्ही लेकासाठी केली होती, दुसऱ्या खेपेला.

भटका_सातारी (२ डिसेंबर)

रस्त्याचं सांगतो. पुण्याहून कोल्हापूरमार्गे येणार असाल तर फोंडा घाट उतरून कणकवली, तिथून हायवेने कसाल आणि कसालला मालवणकडे वळा. रेल्वेने कुडाळला उतरणं सोपं, तिथून मालवण गाडीने तासाभरात.

निळाई (१४ जानेवारी)

परत आलो! तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि जरा लांब लिहिते, सोसा.

शनिवारी रात्री पोचलो. रविवारी सकाळी बोटीवर न जाता चिवल्याच्या किनाऱ्यावर गेलो. पाणी शांत, तळाला वाळू. कमरेइतक्या पाण्यात मुलांनी मास्क लावून तरंगून बघितलं. तलावात जमणारा मुलगा इथे पहिल्यांदा खारट पाणी तोंडात गेल्यावर रडायला लागला. ते तिथेच झालं हे बरं झालं. पंधरा मिनिटांत स्वतःच परत गेला.

दुपारी धक्क्यावर चार जणांना नांगराचा प्रश्न विचारला. तिघांनी "काळजी करू नका" म्हटलं. चौथे पन्नाशीचे गृहस्थ होते, त्यांनी उलट मलाच विचारलं, "पोरांका पोहूक येता काय?" मी सरावाचं सांगितलं. मग ते म्हणाले, नांगर वाळूत टाकतो, तिथून थोडं अंतर जावं लागेल, पाव टाकणार नाही, व्हिडिओवाला बरोबर नाही, चालेल का? मी म्हटलं, काका, हेच तर पाहिजे.

सोमवारी साडेसातला निघालो. पाणी खरोखर तेलासारखं. तटाच्या बाजूने बोट गेली तेव्हा सासरे उठून उभे राहणार होते, काकांनी हात धरून बसवलं. साडेआठला पाण्यात. आधी मी आणि लेक, बरोबर काकांचा पुतण्या, हातात गोल रबरी रिंग. दोघींनी ती धरूनच तरंगायचं. उतरताना काकांनी एकच गोष्ट सांगितली, "पाय खाली टेकू नको गे बाय, ता जिता आसा."

पहिली पाच मिनिटं मला हिरवट धुक्याशिवाय काही दिसलं नाही, आणि थोडी निराशाच झाली. मग आवाज आला. कढईत लाह्या फुटाव्यात तसा बारीक चटचट आवाज, सगळीकडून. पुतण्याने नंतर सांगितलं, ती छोटी कोळंबी, नांगी आपटते त्याचा. आणि मग खालचा खडक हळूहळू दिसायला लागला. मतलई, तुम्ही लिहिलंत ते शब्दशः: मधाची पोळी. शेवाळी रंगाचा एक गोळा, त्यावर चिकटून चिकटून कोनाकोनांची घरं, प्रत्येक घराची कड जरा फिकट. शेजारी दुसरा, मेंदूसारख्या वळ्यांचा. त्याची एक बाजू पांढरीफटक होती, हाताच्या पंजाएवढी. लेकीने मला कोपराने ढोसलं आणि तिकडे बोट दाखवलं. तिला कळलं होतं.

काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे, एक पोपटमासा खडक खरवडत होता, त्याचे दात खडकावर घासल्याचाही आवाज येतो हे मला माहीत नव्हतं. पावाशिवाय हे सगळं होतं. फक्त त्यांच्याकडे जायला वेळ लागला. आम्ही हललो नाही तेव्हा ते आले.

पंचवीस मिनिटांत लेक कुडकुडायला लागली, बाहेर आलो. मग मुलगा आणि पुतण्या, दहा मिनिटं. नवरा उतरला नाही. तलावात त्याला पाच मिनिटांवर शांत राहता येत नव्हतं, आणि ठरलेला नियम त्याने स्वतःहून पाळला.

सासऱ्यांची बादली: काकांनी बोट वल्ह्याने सावकाश खडकाच्या कडेपर्यंत नेली. बाबा ओणवे झाले, बादली टेकवली, आणि मग हालेचनात. मी घाबरून हाक मारली तर मान वर न करता हाताने "थांब" अशी खूण केली. बऱ्याच वेळाने म्हणाले, "उघडझाप करतंय गं." काय करत होतं ते आम्हाला कळलं नाही, कारण आम्ही बघेपर्यंत बोट सरकली होती. त्यावरून ते आणि लेक अजून वाद घालताहेत. लेकीचं म्हणणं शिंपला, त्यांचं म्हणणं फूल.

मुलाने चिवल्याला प्रवाळाचा एक झिजलेला तुकडा सापडवला होता, खिशात घातला होता. लेकीने त्याला कायदा सांगितला. त्याने तो पाण्यात जिथून घेतला तिथेच नेऊन ठेवला, फेकला नाही.

दांडीकाठ, तुमचा हिशोब तक्त्याशी अगदी थोड्या फरकाने जुळला. बाबांनी आता कालनिर्णयावर प्रत्येक एकादशीसमोर भरतीची वेळ लिहून ठेवलीय.

दांडीकाठ (१४ जानेवारी)

वाचून फार बरं वाटलं ताई. पांढरा डाग दिसला तो किल्ल्याच्या कुठल्या अंगाला? भावाला सांगतो, तो बघून येईल.

निळाई (१५ जानेवारी)

पुतण्याला विचारून घेतलं. पश्चिमेच्या अंगाला, जिथे तट वळतो त्याच्या जरा पुढे, समुद्राकडच्या बाजूला. मेंदूसारखा गोळा, परातीएवढा.

ओंजळभर (१६ जानेवारी)

धागा पहिल्यापासून वाचला. आम्ही फेब्रुवारीत जातोय, आईला पाण्यात उतरता येणार नाही. बादली नक्की कशी केलीत? आमची दोनदा गळली.

निळाई (१६ जानेवारी)

नवऱ्याला विचारून लिहितेय. तळ पूर्ण कापायचा नाही, कडेला दोन बोटं पट्टी ठेवायची. अॅक्रिलिकची चकती त्या पट्टीवर बाहेरच्या बाजूने बसवायची, म्हणजे पाण्याच्या दाबाने ती आणखी घट्ट बसते. आतून लावली तर गळते, आमचीही पहिली गळली होती. मत्स्यालयाच्या काचांना लावतात ते सिलिकॉन, दोन्ही बाजूंनी, आणि पूर्ण एक दिवस वाळू द्यायचं. पाण्यात टेकवताना बादली आधी तिरकी धरा, नाहीतर तळाखाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि काही दिसत नाही. कडीला दोरी बांधून ती बोटीला अडकवा. आईंना बसायला खाली एक उशी न्या, ओणवं राहून गुडघे दुखतात.